३८१६५४७२९० : दहा अंक, दहा ताळे

धागाकर्ते: गुळपेठ (कोल्हापूर)

नमस्कार. माझी सगळी नोकरी इथल्या एका गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहिण्यात गेली. रव्यांचे वजन, हमाली, तोलाई, अडत असे रकाने भरून शेतकऱ्याची पट्टी तयार करायची आणि नवाचा ताळा (अंकांची बेरीज करून हिशेब पडताळण्याची रीत) जुळल्याशिवाय पान उलटायचे नाही, ही सवय हाताला इतकी लागली की निवृत्तीनंतरही मोठी संख्या दिसली की मी आधी तिच्या अंकांची बेरीज करतो. त्या सवयीमुळेच एका संख्येत गेले काही महिने मी गुंतून गेलो आहे आणि तिच्याविषयी इथे सविस्तर लिहावेसे वाटले. ती संख्या म्हणजे ३८१६५४७२९०, म्हणजेच तीनशे एक्क्याऐंशी कोटी, पासष्ट लाख, सत्तेचाळीस हजार, दोनशे नव्वद.

हिच्यात ० ते ९ हे दहाही अंक एकेकदाच आले आहेत. पण खरी गंमत डावीकडून वाचत गेल्यावर कळते. पहिले दोन अंक घेतले तर ३८, त्याला २ ने भाग जातो. पहिले तीन घेतले तर ३८१, त्याला ३ ने भाग जातो आणि १२७ येतात. पुढे ३८१६ ला ४ ने, ३८१६५ ला ५ ने, ३८१६५४ ला ६ ने, ३८१६५४७ ला ७ ने, ३८१६५४७२ ला ८ ने, ३८१६५४७२९ ला ९ ने आणि सबंध संख्येला १० ने निःशेष भाग जातो. सुरुवातीला शून्य न घेता दहा अंकांच्या ३२,६५,९२० मांडण्या होतात. त्या सगळ्यांत हा गुण असलेली संख्या ही एकटीच आहे.

गेल्या रविवारी सहावीतली नात विभाज्यतेच्या कसोट्यांचा अभ्यास घेऊन बसली होती, तेव्हा तिला पाठांतर करायला लावण्यापेक्षा ही संख्या शोधायला लावावी असे मनात आले. गेल्या वर्षीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातले मोठे अंक कातरून आम्ही दहा चिठ्ठ्या केल्या, त्या उडू नयेत म्हणून पंखा बंद केला आणि फरशीवर दहा घरे आखून बसलो. उत्तर मी तिला सांगितले नव्हते. जे आम्ही केले ते जसेच्या तसे मांडतो.

दहावे घर लगेच भरले, कारण दहाने भाग जायचा तर शेवटी शून्यच हवे. पाचव्या घरात ० किंवा ५ हवे, आणि शून्य संपलेले असल्यामुळे ५ ची चिठ्ठी तिथे बसली. दुसरे, चौथे, सहावे आणि आठवे घर समसंख्येने भागायचे असल्यामुळे २, ४, ६, ८ हे चार सम अंक त्या चार घरांत गेले, आणि उरलेल्या १, ३, ७, ९ या विषम अंकांसाठी पहिले, तिसरे, सातवे आणि नववे घर राहिले. नवाची तर काळजीच करावी लागत नाही. १ ते ९ ची बेरीज ४५ आहे, त्यामुळे चिठ्ठ्या कशाही लावल्या तरी नवाने भाग जातोच. वहीत ५४ च्या जागी चुकून ४५ पडले की बेरजेतला फरक नवाच्या पटीत येतो, हे प्रत्येक हिशेबनिसाला अनुभवाने ठाऊक असते. त्याचे कारणही हेच की अंकांची जागा बदलली तरी त्यांची बेरीज बदलत नाही.

मग चौथे घर. तिसऱ्या घरात विषम अंक आहे, आणि विषम अंकानंतर चाराने भाग जाणाऱ्या जोड्या १२, १६, ३२, ३६ अशाच असतात, म्हणून चौथ्या घरात २ किंवा ६ यांखेरीज काही चालत नाही. पहिल्या तीन अंकांना तीनने भाग जातो आणि पहिल्या सहांनाही जायला हवा, म्हणजे चौथा, पाचवा आणि सहावा अंक मिळून बेरीज तीनच्या पटीत आली पाहिजे. मधला अंक ५ आहे. चौथा २ असेल तर सहावा ८ हवा, आणि चौथा ६ असेल तर सहावा ४ हवा. म्हणजे मधली तिकडी एक तर २५८ नाहीतर ६५४. इथे नात उठून उभी राहिली, कारण लाखो मांडण्यांचा ढीग दोन वाटांवर आला हे तिला स्वतःला दिसले होते.

आठव्या घरासाठी सातवा आणि आठवा अंक मिळून होणाऱ्या संख्येला आठाने भाग गेला पाहिजे. सातवा विषम आहे, म्हणून १६, ३२, ७२ किंवा ९६ एवढ्याच जोड्या उरतात. मधली तिकडी २५८ घेतली तर २ संपतो, आठवा अंक ६ ठरतो, दुसरा ४ ठरतो आणि पहिल्या तीन अंकांची बेरीज तीनच्या पटीत यायला १ आणि ७ हेच लागतात. त्यातून १४७२५८९६३ आणि ७४१२५८९६३ या दोनच संख्या निघतात. ६५४ घेतली तर आठवा अंक २ आणि दुसरा ८ ठरतो, आणि त्या वाटेवर आठ संख्या मिळतात: १८३६५४७२९, ३८१६५४७२९, १८९६५४३२७, ९८१६५४३२७, १८९६५४७२३, ९८१६५४७२३, ७८९६५४३२१ आणि ९८७६५४३२१.

अशा एकूण दहा संख्या झाल्या. सात सोडून बाकी सगळ्यांचे ताळे त्या दहाही जणी पुरे करतात. आता प्रत्येकीच्या पहिल्या सात अंकांना सातने भागून पाहायचे एवढेच राहिले. आम्ही दहा भागाकार कागदावर केले. नऊ ठिकाणी बाकी उरली, एका ठिकाणी उरली नाही.

माझा प्रश्न असा आहे. सातपर्यंतच्या प्रत्येक पायरीला कारण आहे, ते बोट ठेवून दाखवता येते. पण त्या दहांतून नेमकी एकच उरावी, दोन नाहीत, शून्य नाही, याला काही कारण आहे का?

प्रतिसाद: रंकाळाकाठ

गुळपेठ काका, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपला धागा वाचल्यावर रात्री छोटा प्रोग्रॅम लिहून १ ते ९ च्या सगळ्या ३,६२,८८० मांडण्या तपासून घेतल्या. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आले आणि ते आपलेच आहे. सातची अट काढून टाकल्यावर ज्या दहा संख्या उरतात त्याही आपण दिल्या त्याच आहेत, एकही जास्त नाही की कमी नाही.

मला मात्र मान्य करावेसे वाटते की प्रोग्रॅमने उत्तर दिले, समजूत दिली नाही. आपल्या दहा संख्यांची यादी समोर ठेवल्यावरच दोन गोष्टी दिसल्या. ७४१२५८९६३ ही संख्या मोबाईलच्या कीपॅडवर दाबून पाहा. बोट डावीकडच्या रांगेने वर जाते, मधल्या रांगेने खाली येते आणि उजवीकडच्या रांगेने पुन्हा वर जाते, कुठेही उचलावे लागत नाही. इतकी सुबक मांडणी सातच्या ताळ्याला मात्र २ बाकी ठेवून अडकते. दुसरी म्हणजे ९८७६५४३२१. उलटे मोजलेले आकडे, आणि तरीही सात सोडून सगळे भाग जातात! आठ अंकांपाशी तर ९८७६५४३२ भागिले ८ करून पाहा, उत्तर १२३४५६७९ येते.

प्रतिसाद: पन्हाळवाट

मी गणित शिकवतो. गुळपेठ साहेबांची मांडणी वर्गात जशीच्या तशी वाचून दाखवावी इतकी स्वच्छ आहे. फक्त एका ठिकाणी एक पायरी हातातून सुटली आहे, ती भरून काढतो. आठची कसोटी शेवटच्या तीन अंकांची असते, आपण सातवा आणि आठवा असे दोनच घेतले. ते इथे चालते, कारण सहावा अंक सम आहे. त्यामुळे तो शंभराच्या स्थानी २००, ४००, ६०० किंवा ८०० देतो, आणि २०० ला आठाने भाग जात असल्यामुळे त्याचा विचार करावा लागत नाही. सहावा अंक विषम असता तर जोड्या वेगळ्या निघाल्या असत्या.

सातसाठी सोपी कसोटी नाही असे मुले नेहमी म्हणतात, पण एक कसोटी आहे आणि ती मला फार आवडते. १००१ म्हणजे ७ × ११ × १३. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आलटून पालटून वजा-अधिक करायचे. ३८१६५४७ चे गट ३, ८१६ आणि ५४७. ५४७ मधून ८१६ वजा केले आणि ३ मिळवले की उणे २६६ येतात, आणि २६६ म्हणजे ७ × ३८. तोंडी ताळा जुळला. उलट ९८७६५४३ घेतली तर ५४३ वजा ८७६ अधिक ९, म्हणजे उणे ३२४, आणि ३२४ ला सातने भाग जात नाही. दहाही संख्या अशा तोंडी तपासता येतात, नातीला करून पाहायला सांगावे.

अंक तेच ठेवून त्यांच्या जागा बदलत राहायचे, हे आपल्याकडे जुने आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे प्रकरण आहे. २ ते ९ हे अंक एकेकदा घेऊन किती संख्या होतात आणि त्या सगळ्यांची बेरीज किती, असा प्रश्न त्यात येतो. संख्या ४०,३२० होतात आणि बेरीज २४६३९९९९७५३६० येते. एकही संख्या प्रत्यक्ष न लिहिता बेरीज मिळते, कारण प्रत्येक स्थानी प्रत्येक अंक सारख्याच वेळा येतो.

आणि देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना इथे विसरून चालणार नाही. १९४९ साली त्यांनी मांडलेली ६१७४ ची क्रिया अनेकांना ठाऊक असेल: अंक उतरत्या क्रमाने लावायचे, चढत्या क्रमाने लावायचे आणि मोठ्यातून लहान वजा करायची. ६१७४ वर ती केली की पुन्हा ६१७४ च येतात. तीच क्रिया या धाग्यातल्या संख्येवर करून पाहा. ९८७६५४३२१० वजा ०१२३४५६७८९ म्हणजे ९७५३०८६४२१. या उत्तरातही दहाच्या दहा अंक एकेकदाच आहेत, म्हणून क्रिया पुन्हा केली तरी तीच वजाबाकी येते आणि तेच उत्तर मिळते. चार अंकांत ६१७४ चे जे स्थान, तसेच एक स्थान दहा अंकांत या उत्तराला, म्हणजे ९७५३०८६४२१ ला आहे.

प्रतिसाद: गुळपेठ (धागाकर्ते)

सर, आठची पायरी सुटली होती हे अगदी खरे. मी सवयीने केले, कारण दिले नाही. १००१ ची रीत नातीला दाखवली. तिने दहाही संख्या वहीच्या एका पानावर तपासल्या, फक्त वजाबाकी उणे आली की ती प्रत्येक वेळी थबकत होती. उणे आले म्हणून काही बिघडत नाही, २६६ रुपये देणे असो की येणे, सातजणांत सारखे वाटता येतातच, असे सांगितल्यावर तिचे समाधान झाले.

तिला आणखी एक गोष्ट दिसली, ती सरांना विचारतो. ३८१, ६५४ आणि ७२९ या तीन तिकड्यांची बेरीज तिने सहज केली, ती १७६४ आली. १७६४ म्हणजे ४२ चा वर्ग. शिवाय तिकड्यांतल्या अंकांच्या बेरजा १२, १५ आणि १८ अशा तीन-तीनने चढत जातात. याच्यामागे काही आहे का?

प्रतिसाद: पन्हाळवाट

मधली बेरीज १५ येणे अटळ आहे, कारण २५८ आणि ६५४ या दोन्ही तिकड्यांची बेरीज १५ च आहे. सगळ्यांची मिळून ४५ होत असल्यामुळे उरलेल्या दोन तिकड्यांची बेरीज ३० होणार हेही ठरलेले आहे. म्हणजे पहिली, मधली आणि शेवटची बेरीज नेहमीच सारख्या अंतराने येते. आपल्या यादीतली ९८७६५४३२१ घेतली तर २४, १५, ६ अशी उतरती येते. ४२ चा वर्ग मात्र मला योगायोग वाटतो. मुलीने तो स्वतः पाहिला याचा मला फार आनंद झाला. योगायोग कोणता आणि कारण कोणते, हे वेगळे करायला शिकणे हाच या संख्येचा खरा अभ्यास आहे.

प्रतिसाद: रंकाळाकाठ

काकांच्या मूळ प्रश्नावर माझे मत मांडतो. दहा संख्या उरल्या. सातने भागल्यावर ० ते ६ अशा सात बाक्या संभवतात, म्हणून त्यांतली एखादी शून्य बाकीची निघण्याची शक्यता साधारण सातांत एक. दहांमध्ये मिळून अपेक्षा दहा सप्तमांश, म्हणजे दीडच्या किंचित खाली. एक उरली, दोन उरल्या असत्या किंवा एकही उरली नसती तरी आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. त्यामुळे ती एकटी उरली याला खोल कारण नाही, असे मला वाटते.

प्रतिसाद: पन्हाळवाट

दशमान पद्धतीपुरते बोलायचे तर मी आपल्याशी सहमत आहे. परंतु हाच प्रश्न इतर पायांवर, म्हणजे दहाऐवजी दुसऱ्या संख्येच्या पटीने स्थाने वाढणाऱ्या अंकलेखनात विचारला तर काही ठिकाणी पक्के कारण सापडते. पाया ४ घेतला, म्हणजे ०, १, २, ३ एवढेच अंक, तर १२३० आणि ३२१० या दोन संख्या मिळतात. पाया ६ वर १४३२५० आणि ५४३२१० या दोन. पाया ८ वर तीन, पाया १० वर आपली एक, पाया १२ वर एकही नाही आणि पाया १४ वर पुन्हा एक. इथपर्यंत रंकाळाकाठ यांचे म्हणणे पटते.

विषम पायांवर मात्र अशी संख्या कधीच असू शकत नाही आणि त्याचे कारण दोन ओळींत सांगता येते. दशमानात जे काम ९ करतो ते इतर पायांवर पायापेक्षा एकने लहान असलेली संख्या करते, म्हणजे अंकांच्या बेरजेला तिने भाग गेला तरच संख्येला जातो. पाया ७ घेतला तर १ ते ६ ची बेरीज २१ आणि तिला ६ ने भागले की ३ उरतात. कोणताही विषम पाया घेतला तरी अशीच बरोबर निम्मी बाकी उरते. म्हणजे ज्या नवाच्या ताळ्याची आपल्याला काळजी करावी लागली नाही, तोच ताळा तिथे सगळी दारे बंद करतो.

उलटे मोजलेले आकडे पाया ४ आणि पाया ६ वर सगळ्या अटी पाळतात, हेही पाहावे. पाया ८ वर ते पाचपाशी अडतात, आणि आपल्या पायावर सातपाशी.

प्रतिसाद: कळंबेकरीण

मी गणिताची नाही, पण धागा शब्दन् शब्द वाचला आणि मुलाबरोबर चिठ्ठ्याही कापल्या. एक साधी शंका आहे. अंक पुन्हा वापरायला परवानगी दिली तर दहाच्या पुढे जाता येईल का? अकराव्या अंकापाशी अकराने, बाराव्यापाशी बाराने, असे किती लांब जाता येते?

प्रतिसाद: रंकाळाकाठ

ताई, शंका साधी नाही, आणि उत्तर मला फार सुंदर वाटते. अंक पुन्हा चालत असतील तर एक अंकी संख्या ९, दोन अंकी ४५, तीन अंकी १५०, चार अंकी ३७५ आणि पाच अंकी ७५०. इथे दुप्पट होण्याचे कारण उघड आहे, कारण पाचव्या घरात ० किंवा ५ असे दोनच पर्याय असतात. नऊ अंकी २,४९२ आहेत आणि दहा अंकीही २,४९२ च आहेत, कारण दहाव्या घरात शून्याखेरीज काहीच चालत नाही आणि शून्य नेहमीच चालते.

दहापर्यंत प्रत्येक संख्येला पुढे किमान एक वाट असतेच. अकरापासून ही खात्री जाते. भाजक मोठा होत जातो, जोडायला अंक मात्र दहाच असतात, म्हणून वाटा हळूहळू बुजत जातात. वीस अंकी फक्त ४४ उरतात, चोवीस अंकी ३ आणि पंचवीस अंकी एकच: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. तिच्यापुढे शून्य जोडून २६ ने भागले तर बाकी १२ उरते, म्हणजे शून्याच्या जागी १४ लिहावे लागतील. एका घरात १४ मावत नाहीत आणि वाट तिथेच संपते. सगळ्या मिळून २०,४५६ संख्या होतात, त्याहून एकही अधिक नाही.

प्रतिसाद: गुळपेठ (धागाकर्ते)

हे वाचल्यावर आपली संख्या किती पुढे जाते हे पाहिल्याशिवाय मला राहवले नाही. काल संध्याकाळी नात आणि मी पुन्हा फरशीवर बसलो. या वेळी अंक पुन्हा लागणार म्हणून सगळ्या चिठ्ठ्यांचा दुसरा संच कापला.

अकरासाठी एकाआड एक अंकांच्या बेरजांची वजाबाकी केली, तर अकरावा अंक ६ च हवा असे निघाले: ३८१६५४७२९०६. बारासाठी तीन आणि चार या दोन्ही कसोट्या लागतात. चारसाठी ०, ४ आणि ८ तिन्ही चालत होते, पण अंकांची बेरीज ५१ झाली होती, त्यामुळे तीनसाठी त्यांतला ० च उरला: ३८१६५४७२९०६०. तेरासाठी सरांची १००१ ची रीत वापरली, कारण १००१ मध्ये १३ देखील आहे, आणि ८ मिळाला: ३८१६५४७२९०६०८. तिन्ही वेळा एकच अंक चालत होता, निवड करायची वेळ एकदाही आली नाही.

चौदापाशी शून्य ठेवून भागले तर बाकी २ उरली. ती पुरी करायला १२ लागतात. नातीने १ आणि २ अशा दोन चिठ्ठ्या एकाच घरात शेजारी शेजारी ठेवल्या, त्या घरात बसेनात म्हणून एक उचलली, परत ठेवली आणि मग तेरा घरांची ती ओळ तशीच ठेवून पंखा लावायला गेली.